खाचरातील शेवाळ, नत्र आणि हायड्रोजन

भाईंदर स्टेशनवरून उत्तनकडे जाणारी बस मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून डोंगरीकडे वळते, तेव्हा वाटेत एकामागून एक तीन प्रकारची जमीन दिसते. प्रथम मिठागरांचे जुने बांध, मग तिवरांनी भरलेले खाजण आणि पुढे टेकडीच्या पायथ्याशी भाताची खाचरे. आता खाचरे थोडीच उरली आहेत. पावसाळ्यात त्यांपैकी एखाद्या खाचराच्या कडेला उभे राहून पाण्याकडे नीट पाहिले, तर मातीवर एक बुळबुळीत, काळपट हिरवा थर दिसतो. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगू लागतात. ऊन पडले की त्यांच्यात वायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात. पाऊस संपून पाणी आटले की हाच थर वाळून कागदासारखा उलतो आणि पुढच्या जूनपर्यंत तसाच पडून राहतो. पहिल्या पावसात तो पुन्हा हिरवा होतो.

गावात याला सरसकट शेवाळ म्हणतात. शालेय पुस्तकांत बराच काळ याचे नाव नील-हरित शैवाल असे दिले जाई. आज जीवशास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात, कारण त्याच्या पेशीत केंद्रक नसते, हरितलवके नसतात आणि पेशीची एकूण बांधणी जीवाणूंची असते. या लेखात मी सोयीसाठी शेवाळ हा शब्द वापरणार आहे. फक्त तो वनस्पती नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.

या शेवाळाच्या पेशीत दोन कामे चालतात. पहिले काम हवेतील नत्राचा अमोनिया करण्याचे. ते आपण वर्गात शिकवतो. दुसरे काम हायड्रोजन वायू तयार करण्याचे आणि तयार झालेला पुन्हा गिळून टाकण्याचे. हे सहसा शिकवले जात नाही. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकाच विकराभोवती फिरतात, आणि दुसरे समजल्याशिवाय पहिले पुरते समजत नाही.

नत्राची मजबूत गाठ

हवेत ७८ टक्के नत्र आहे, तरी भाताचे रोप त्यातला एक कणही घेऊ शकत नाही. नत्राच्या रेणूतील दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो आणि तो तोडायला एका मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. खत कारखान्यात हेच काम हाबर-बॉश पद्धतीने होते: ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब आणि लोहाचे उत्प्रेरक. मुंबईकरांना यासाठी लांब जायला नको. ट्रॉम्बे येथे आणि अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने आहेत. तेथे नत्र हवेतून मिळतो आणि हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढावा लागतो. २८ ग्रॅम नत्राला ६ ग्रॅम हायड्रोजन दिला की ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो. या हिशेबात खर्चाचा मोठा भाग हायड्रोजनचा असतो.

डोंगरीच्या खाचरात हेच काम २८-३० अंश तापमानाला आणि साध्या हवेच्या दाबाला होते. ते करणाऱ्या विकराचे नाव नायट्रोजिनेज. त्यात लोहाचे एक प्रथिन असते आणि लोह व मॉलिब्डेनम यांचे दुसरे. पहिले प्रथिन एकेक करून इलेक्ट्रॉन आणून देते, दुसरे ते साठवते आणि पुरेसे जमले की नत्राच्या रेणूला पकडते. ही भट्टी थंड असली तरी फुकट चालत नाही. नत्राच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी खर्ची पडतात. एटीपी हे पेशीचे चलन आहे असे आपण मुलांना सांगतो. त्या भाषेत बोलायचे तर हा फार महागडा व्यवहार आहे.

आता खरी गंमत पाहा. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला सहा इलेक्ट्रॉन पुरेसे आहेत. पण नायट्रोजिनेज आठ घेते. उरलेले दोन प्रोटॉनना मिळतात आणि हायड्रोजनचा एक रेणू बाहेर पडतो. कारखाना अमोनिया करताना हायड्रोजन घेतो, तर पेशी अमोनिया करताना हायड्रोजन सोडते! इलेक्ट्रॉनांचा चौथा हिस्सा असा वाया का जावा? पूर्वी याला विकराची गळती म्हणत. अलीकडच्या संशोधनातून दिसते की ही गळती नसून यंत्रणेचाच भाग आहे. विकरातील लोह-मॉलिब्डेनमच्या गुच्छावर आधी हायड्रोजनचे अणू येऊन बसतात. त्यांतील दोन एकत्र येऊन वायूरूपाने निघून जातात, आणि त्यांनी मागे सोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर नत्राचा रेणू त्या जागी घट्ट बसतो. थोडक्यात, एकाने जागा सोडल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. आणि नत्र नसेलच तर? मग विकर थांबत नाही. सगळेच इलेक्ट्रॉन प्रोटॉनना देऊन ते निव्वळ हायड्रोजन करत राहते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

प्राणवायूचे संकट

नायट्रोजिनेजची एक मोठी अडचण आहे. प्राणवायू लागला की ते काही क्षणांत निकामी होते. मातीतील अनेक नत्रस्थिरक जीवाणू यासाठी प्राणवायूपासून दूर राहतात. डाळीच्या मुळांवरील गाठींत लेगहिमोग्लोबिन प्राणवायूला बांधून ठेवते. पण शेवाळाने काय करावे? ते प्रकाशसंश्लेषण करते, म्हणजे प्राणवायू स्वतःच तयार करते. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला तो याच सजीवांमुळे. ज्या घरात दिवसभर चूल पेटलेली, त्याच घरात दारूगोळा ठेवावा, तशी ही स्थिती आहे.

ॲनाबीना आणि नोस्टॉक या शेवाळांनी यावर काढलेला तोडगा सूक्ष्मदर्शकातून सहज दिसतो. त्यांच्या पेशी मण्यांच्या माळेसारख्या एकापुढे एक असतात, आणि दर दहा-वीस मण्यांनंतर एक मणी वेगळा असतो: थोडा मोठा, फिकट पिवळसर, जाड भिंतीचा, दोन्ही टोकांना चकाकणारे ठिपके असलेला. हा हेटरोसिस्ट. एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनाही तो माहीत होता, पण तो कशासाठी हे कोणालाच सांगता येईना. कोणी त्याला बीजाणू म्हटले, कोणी तंतू तुटण्याची जागा.

१९६८ साली पीटर फे, स्टुअर्ट, वॉल्सबी आणि फॉग यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: नत्र स्थिरीकरणाची जागा हेटरोसिस्ट हीच आहे काय? त्यानंतर दोन वर्षांनी, १९७० साली, त्याच नियतकालिकात जोसेफ थॉमस यांचा लेख आला. काम मुंबईचे, भाभा अणुसंशोधन केंद्रातले. त्यांनी दाखवले की हेटरोसिस्टमध्ये प्रकाशयंत्रणा-२ ची रंगद्रव्ये नसतात. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडणारी यंत्रणा ती हीच. म्हणजे त्या एका पेशीने आपली चूल विझवून टाकलेली असते. प्रकाशयंत्रणा-१ मात्र ती ठेवते, कारण प्रकाशापासून एटीपी मिळवायला ती पुरते. बाहेरून ग्लायकोलिपिडांचा जाड थर चढवून ती शेजारचा प्राणवायू आत येऊ देत नाही, आणि जो थोडा येतो तो जोरदार श्वसनाने संपवते. अशा पेशीला स्वतःची साखर करता येत नाही. ती शेजारच्या हिरव्या पेशी देतात, आणि बदल्यात हेटरोसिस्टकडून त्यांना ग्लुटामिनच्या रूपात नत्र मिळतो. हेटरोसिस्टला पुन्हा विभाजन करता येत नाही. एकदा झाला तो झाला.

अणुसंशोधन केंद्रात शेवाळाचे काय काम, असे शिक्षक हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे: पेशीत कोणता आयन किती वेगाने शिरतो, हे मोजायला किरणोत्सारी समस्थानिकांसारखे साधन नाही. याचा उपयोग पुढे खाऱ्या जमिनीच्या प्रश्नात झाला. त्याकडे येऊच.

गिळला जाणारा हायड्रोजन

संशोधनाला सुरुवात केली तेव्हा मी एक मूर्खपणा केला होता. नायट्रोजिनेज हायड्रोजन सोडते हे वाचलेले होते. म्हणून ॲनाबीनाची दाट वाढ बाटलीत घेतली, वर साधी हवा ठेवली, बूच लावून उजेडात ठेवले आणि दर तासाला सुईने वायू काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घातला. हायड्रोजन शून्य. दोन आठवडे शून्यच. मी यंत्रावर संशय घेतला, बुचांवर घेतला, शेवटी स्वतःच्या हातावर घेतला. यंत्र ठीक होते. शेवाळ हायड्रोजन करत होते आणि तेवढ्याच तत्परतेने परत घेतही होते. हवेऐवजी बाटलीत आर्गॉन भरल्यावर काही तासांतच आलेखावर हायड्रोजनचे टोक उभे राहिले.

परत घेण्याचे काम अपटेक हायड्रोजिनेज हे दुसरे विकर करते. सोडलेला हायड्रोजन पकडून ते त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेते आणि श्वसनसाखळीत घालते. यात पेशीचे तीन फायदे आहेत: इलेक्ट्रॉन वाया जात नाहीत, थोडे एटीपी परत मिळते आणि हायड्रोजनच्या ज्वलनात प्राणवायू खर्ची पडतो, म्हणजे नायट्रोजिनेजला संरक्षण मिळते. या विकराची घडण किती नेमकी आहे, ते जनुकांवरून कळते. ॲनाबीना ७१२० या प्रयोगशाळेतील प्रसिद्ध वाणात नायट्रोजिनेजच्या एका जनुकामध्येच ११ हजार अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे साध्या पेशीत ते जनुक वाचताच येत नाही. पेशी हेटरोसिस्ट होऊ लागली की तो तुकडा कापून बाहेर काढला जातो आणि दोन्ही टोके जोडली जातात. हे जेम्स गोल्डन, रॉबिन्सन आणि रॉबर्ट हॅझेलकॉर्न यांनी १९८५ साली दाखवले. दहा वर्षांनी, १९९५ साली, हायड्रोजन गिळणाऱ्या विकराच्या जनुकातही साडेदहा हजार अक्षरांचा असाच तुकडा सापडला. तोही हेटरोसिस्ट होतानाच कापला जातो. ज्या पेशीत हायड्रोजन सुटणार, त्याच पेशीत तो पकडण्याची तयारी, तीही त्याच वेळी!

शेवाळात आणखी एक हायड्रोजिनेज असते. ते दोन्ही दिशांनी चालते, निकेल व लोहावर काम करते आणि नत्राशी त्याचा संबंध नसतो. अंधारात, प्राणवायू नसताना, किण्वनातील जास्तीचे इलेक्ट्रॉन ते हायड्रोजनच्या रूपाने बाहेर टाकते. अंधारातून एकदम उजेडात आणल्यावर काही क्षण ते झडपेसारखे उघडते, आणि प्राणवायू तयार होऊ लागताच बंद पडते.

खऱ्या हिरव्या शैवालांची, म्हणजे सीनेडेस्मस किंवा क्लॅमिडोमोनास यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नाही, पण लोहयुक्त हायड्रोजिनेज आहे आणि ते फार वेगवान आहे. हान्स गॅफ्रन यांनी १९३९ ते १९४२ या काळात ते सीनेडेस्मसमध्ये शोधले. मात्र प्राणवायूपुढे तेही टिकत नाही. २००० साली अनास्तासिओस मेलिस आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. क्लॅमिडोमोनासला गंधक तोडले. गंधकाशिवाय प्रकाशयंत्रणा-२ ची दुरुस्ती होत नाही, प्राणवायूचे उत्पादन मंदावते, श्वसन उरलेला प्राणवायू संपवते आणि बंद बाटलीतील शैवाल काही दिवस हायड्रोजन सोडत राहते. शैवालाला उपाशी ठेवून काढलेला हा वायू आहे. त्यामुळे तो फार काळ मिळत नाही.

इंधनाचा हिशेब

पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून हायड्रोजन, तोही शेवाळाकडून, ही कल्पना १९७३ च्या तेलटंचाईनंतर जगभर पसरली. १९७४ साली जॉन बेनेमन आणि नॅन्सी वेअर यांनी आर्गॉनच्या वातावरणात ठेवलेल्या ॲनाबीनापासून हायड्रोजन आणि प्राणवायू एकाच वेळी मिळवून दाखवले. पुढे हायड्रोजन गिळणारे विकर जनुकीय बदलाने काढून टाकलेले वाण तयार झाले. जपानमध्ये २००२ साली ॲनाबीना ७१२० चा असा वाण मूळ वाणाच्या कित्येक पट हायड्रोजन देऊ लागला. दोन्ही दिशांनी चालणारे विकर काढून मात्र फरक पडला नाही. २०१० साली सायनोथीस या एकपेशी शेवाळाने, जे दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री नत्र स्थिरीकरण करते, त्याहून चांगला वेग दाखवला. वर्तमानपत्रांत अशा प्रत्येक वेळी 'तळ्यातून पेट्रोल' छापाचे मथळे आले.

विद्यार्थ्यांना मथळ्यांपेक्षा हिशेब करायला लावावा. भाताच्या खाचरात शेवाळ एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र देते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मधला २५ किलो धरू. २८ किलो नत्रामागे २ किलो हायड्रोजन सुटतो, म्हणजे २५ किलोमागे १.८ किलो. एक किलो हायड्रोजनची उष्णता सुमारे १२० मेगाज्यूल; तेव्हा एकूण सुमारे २१५ मेगाज्यूल. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्याची उष्णता सुमारे ६५० मेगाज्यूल असते. म्हणजे संपूर्ण हेक्टर, संपूर्ण हंगाम, एकही रेणू परत न गिळता सगळा हायड्रोजन गोळा केला तरी सिलिंडरचा तिसरा हिस्सा! बाटलीत निवडक वाण, आर्गॉन आणि चांगला उजेड दिला की आकडा वाढतो हे खरे. पण उघड्या उन्हात सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेपैकी एक टक्का हायड्रोजनमध्ये आणणेही अजून कठीण जाते. गच्चीवरील सौरपट्टी सुमारे वीस टक्के ऊर्जेची वीज करते, आणि त्या विजेने पाण्याचे विघटन केले तर निम्म्याहून अधिक ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन आहे. त्याचा भर विजेच्याच मार्गावर आहे, शेवाळावर नव्हे. माझ्या मते ते योग्य आहे. आम्ही शेवाळाच्या हायड्रोजनवर काम करतो ते विकराचे कोडे सुटावे म्हणून. निकेल आणि लोहासारख्या स्वस्त धातूंनी साध्या तापमानाला पेशी जे करते, ते प्लॅटिनमशिवाय आपल्याला करता आले, तर विजेचा मार्गही स्वस्त होईल.

एक धोका सांगून ठेवतो. शेवाळाच्या बाटलीत हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र असतात, आणि हे मिश्रण स्फोटक असते. शाळेत असा वायू साठवून त्याला काडी लावण्याचा प्रयोग कोणी करू नये.

खारी जमीन

इंधनाचे राहू द्या. नत्राचे मात्र शेतकऱ्याच्या कामाचे आहे. भातशेतात खत न घालता वर्षानुवर्षे थोडेफार पीक का येत राहते, याचे कारण शेवाळात आहे, हे पी. के. डे यांनी बंगालमधील मातीवर काम करून १९३९ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात मांडले. बनारस हिंदू विद्यापीठात रामनगिना सिंह यांनी १९५० च्या सुमारास उत्तर प्रदेशातील उसर जमिनीवर नोस्टॉक वाढवून ती सुधारण्याचे प्रयोग केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत वेंकटरामन यांनी पत्र्याच्या उथळ हौदात माती, पाणी आणि सुपर फॉस्फेट घालून शेवाळ वाढवण्याची सोपी रीत बसवली. लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो वाळलेले पापुद्रे खाचरात टाकायचे, एवढेच.

२५ किलो नत्र म्हणजे ५४ किलो युरिया, म्हणजे सध्याच्या ४५ किलोच्या गोणीपेक्षा थोडे जास्त. लहान शेतकऱ्याला हे कमी नाही. पण सगळीकडे सारखा फायदा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक खाचरांत मूळचे शेवाळ भरपूर असते आणि बाहेरून टाकलेला वाण त्याच्यापुढे टिकत नाही. पाण्यातले बारीक किडे त्याला खातात. स्फुरद कमी असेल तर ते वाढत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतात युरिया पडला की शेवाळ नत्र स्थिर करणे सोडून देते. आयता अमोनिया मिळत असताना १६ एटीपी कोण मोजेल? काही प्रचारपत्रकांत 'युरियाबरोबर शेवाळ खत वापरा' असा सल्ला असतो. तो देणाऱ्याने हेटरोसिस्ट कधी पाहिला नसावा.

डोंगरी-उत्तनच्या बाजूची, आणि थेट सिंधुदुर्गापर्यंतची, अडचण वेगळी आहे. बांध फुटला किंवा उघाडी नादुरुस्त झाली की भरतीचे पाणी खाचरात शिरते आणि जमीन खारी होते. खारभूमीच्या बांधांसाठी मुंबई राज्यात १९४८ साली आणि महाराष्ट्रात १९७९ साली स्वतंत्र कायदे झाले, यावरून प्रश्न किती जुना आहे ते कळते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भाताचे खार सोसणारे वाण दिले. पण अशा जमिनीत नत्रही कमीच असतो.

याच जमिनीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार आपटे, जोसेफ थॉमस आणि सहकाऱ्यांनी दोन शेवाळांची तुलना केली: गोड्या पाण्यातील ॲनाबीना एल-३१ आणि मचूळ पाण्यातील ॲनाबीना टोरुलोसा. किरणोत्सारी सोडिअम-२२ वापरून पेशीत सोडिअम किती वेगाने शिरते ते मोजले. १९८७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: खार सोसणारे शेवाळ सोडिअमला मुळात दारातच अडवते, तर न सोसणाऱ्यात ते भराभर शिरते. गंमत म्हणजे त्याआधी १९८० साली याच दोघांनी दाखवले होते की थोडे सोडिअम नसेल तर नायट्रोजिनेज काम करत नाही. अडवायचे, पण सगळेच नाही. १९८९ साली आणखी एक गोष्ट दिसली. नायट्रेट किंवा अमोनिया दिला तर शेवाळाची खार सोसण्याची ताकद वाढते, कारण त्यानेही सोडिअमचे शिरणे कमी होते.

मग शेवाळ वाढवून जमिनीतले मीठ कायमचे काढता येईल काय? आपटे आणि थॉमस यांनी १९९७ साली याचे उत्तर दिले, आणि त्यातला प्रामाणिकपणा मला फार आवडतो. ॲनाबीना टोरुलोसा मध्यम खाऱ्या खारभूमीत, म्हणजे विद्युतवाहकता ५ ते ८.५ डेसिसीमेन्स प्रति मीटर असलेल्या मातीत, उन्हाळा सोडून चांगले वाढते आणि नत्रही भरपूर देते. पण मीठ कायमचे जात नाही. शेवाळ मेले की त्याने धरलेले सोडिअम पुन्हा मातीत येते. म्हणून ते आधी टाकून जमीन 'गोडी' करण्याची आशा धरू नये; पीक उभे असतानाच सोबत वाढवावे. तेवढे महिने थोडे सोडिअम शेवाळाकडे अडकून राहते आणि भाताला नत्र मिळतो. बांध आणि उघाडी यांची दुरुस्ती मात्र शेवाळ करणार नाही.

वर्गात

सायनोबॅक्टेरिया म्हणजे नत्र स्थिर करणारे, असे समीकरण मुलांच्या डोक्यात बसू देऊ नये. २०१८ साली पवई तलावातील एका सायनोबॅक्टेरियाचे, सिनेकोकॉकसचे, वर्णन आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केले. ते अनुकूल परिस्थितीत अडीच तासांच्या आत दुप्पट होते, पण हवेतला नत्र त्याला घेता येत नाही. उलट कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून आत मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावर भुशासारखा तवंग दिसतो तो ट्रायकोडेस्मियमचा; त्याला हेटरोसिस्ट नसूनही ते भर दिवसा नत्र स्थिर करते. आणि 'केंद्रकयुक्त पेशीत नत्र स्थिरीकरण होत नाही' हे पुस्तकातले वाक्य आता दुरुस्त करायला हवे. एप्रिल २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ब्रारुडोस्फेरा या सागरी शैवालाच्या पेशीत राहणारा सायनोबॅक्टेरिया आता त्या पेशीचा अवयवच बनला आहे. त्याला नायट्रोप्लास्ट असे नाव दिले आहे.

साधा सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही शाळेला हे करून पाहता येईल. खाचरातला किंवा बांधावरचा काळपट पापुद्रा आणा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात डायपोटॅशिअम फॉस्फेट ०.२ ग्रॅम, मॅग्नेशिअम सल्फेट ०.२ ग्रॅम आणि कॅल्शिअम क्लोराइड ०.१ ग्रॅम वेगवेगळे विरघळवून मिसळा. लोह आणि मॉलिब्डेनमसाठी बागेतील मातीचे गाळलेले पाणी दोन चमचे घाला. याचे तीन भाग करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात पोटॅशिअम नायट्रेट घाला. तिसऱ्यात मिठागरातले मीठ लिटरला ५ ग्रॅम घाला. प्रत्येकात पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा टाकून, सावलीच्या खिडकीत, कापसाचे बूच लावून ठेवा. दोन आठवड्यांनी प्रत्येकातले तंतू चारशेपट मोठे करून पाहा आणि शंभर पेशींमागे हेटरोसिस्ट किती, ते मुलांना मोजू द्या. पहिल्या बाटलीत ते ठरावीक अंतराने दिसतील, नायट्रेटच्या बाटलीत क्वचितच. मिठाच्या बाटलीत काय होईल, ते पापुद्रा कोठून आणला यावर अवलंबून आहे. टेकडीकडचा आणि खाजणाकडचा असे दोन्ही आणले तर फरक पाहता येईल.

मग नायट्रेटच्या बाटलीतील थोडे तंतू दोनदा बिननत्राच्या पाण्याने धुऊन पहिल्या द्रवणात टाका. नवे हेटरोसिस्ट तयार व्हायला साधारण २४ तास पुरतात, आणि फिकट होत जाणारी, अर्धवट झालेली पेशी पाहायची तर मधल्या वेळीही डोकवावे लागते. म्हणून प्रयोगाचा हा भाग शनिवारी सुरू करू नये.